बाई लग्न करणार आहेत

निवेदन कक्षातल्या बाई त्याच्याशी लग्न करणार आहेत, असं मी अख्ख्या बसस्थानकाला सांगून टाकलं, आणि त्या बाई म्हणजे मीच हे मला टाळ्या वाजल्यावर कळलं. कुणाला हे खोटं वाटेल. स्वतःबद्दलची बातमी स्वतःच्या तोंडून बाहेर पडते आणि बाईला पत्ता नाही, असं कुठे असतं का? असतं. माझ्या कामात असतंच. यार्डातून नियंत्रक काका फोनवर बोलतात, त्यांचा बसका आवाज माझ्या कानातल्या हेडफोनमध्ये येतो आणि त्यांच्या दोन शब्द मागून मी माइकवर बोलत जाते. अर्थ लावत बसलं तर गाडी चुकते, माझी नाही, लोकांची. म्हणून कानातून आलेलं सरळ तोंडातून जातं, आणि मध्ये डोकं म्हणून जो काही भाग असतो तो मोकळाच राहतो. त्या मोकळ्या डोक्यात मी काय काय करते! खोलीला पडदे कुठले लावायचे ते ठरवते, जुनी भांडणं नव्यानं जिंकते, वहिनीला द्यायची राहून गेलेली उत्तरं देते. त्या दुपारी मी काचेवर डोकं आपटणाऱ्या एका माशीकडे बघत होते आणि तोंड आपलं म्हणत होतं, प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, फलाट क्रमांक चारवर एक उंच इसम बऱ्याच दिवसांपासून ताटकळत उभा असून, त्याच्याजवळ कोणतेही सामान नसून, निवेदन कक्षातल्या बाई त्याच्याशी लग्न करणार आहेत. इथे माझं बोट उठलं. बोलताना बटण दाबून धरायचं असतं, सोडलं की आवाज बंद. आणि कानातला आवाज त्यानंतर आणखी एक अक्षर म्हणाला: ना? तेही मी म्हटलं, इमानेइतबारे म्हटलं, पण बंद माइकमध्ये. 'ना' माझ्यापाशी खोलीतच राहिला आणि बाकीचं सगळं बाहेर गेलं.

बोट का उठलं, तर आमच्या सूचना प्रश्न विचारत नाहीत. गाडी येत आहे, गाडी उशिरानं धावत आहे, गाडी सुटत आहे. आहे आलं की सूचना संपली, बोट वर. हे मला कुणी शिकवलं नाही, हाताला आपोआप लागलं. त्या उंच इसमानं मोठ्या हौसेनं प्रश्न रचला होता, काकांकडून त्यांचा बिनतारी फोन मागून घेतला होता, काकांचा सर्दीनं बसलेला आवाज हुबेहूब काढला होता, आणि माझ्या या बोटानं त्या प्रश्नाचं शेपूट कापून त्याची बातमी करून टाकली. पुढे किती तरी वेळ मी स्वतःला सांगत होते की चूक माझी, हाताच्या सवयीची. पण मग वाटलं, 'ना' गेला म्हणून असं काय मोठं नुकसान झालं? 'करणार आहेत का' असतं तर गोष्ट वेगळी. 'का' म्हणजे दार उघडं ठेवून विचारणं. 'ना' लावून विचारलेल्या प्रश्नात उत्तर आधीच पाय पसरून बसलेलं असतं, आपण नुसती मान हलवायची. 'येशील ना', 'जेवशील ना', 'राहशील ना'. त्यानं विचारलं आणि मी जाहीर केलं, यात फरक होता तो एका अक्षराचा, आणि तेही अक्षर त्याच्याच बाजूचं होतं.

टाळ्या आधी चहाच्या टपरीकडून आल्या, मग बाकांवरून, मग सगळीकडून. ड्रायव्हरांनी हॉर्न वाजवले. मी काचेतून बघितलं तर फलाट चारवर नकल्या उभा. हे नाव मीच ठेवलेलं, कारण तो जगातल्या कुठल्याही माणसाची नक्कल करतो. हातात फुलांचा हा एवढा गुच्छ, अंगात मी निवडून दिलेला निळा शर्ट, आणि सर्कशीतल्यासारखा कमरेत वाकून चारी दिशांना नमस्कार चाललेला. मला गोड वाटलं, ते मी नाकारत नाही. हा माणूस मला आवडतो. उंच, लांबट मानेचा, लिफ्ट दुरुस्त करून करून नखांत कायमचं ग्रीस बसलेला. मग त्याच्या बाजूला बघितलं. त्याची आई, ठेवणीतली साडी नेसून. त्यांच्याशेजारी माझा दादा, कामाच्या दिवशी, इस्त्रीच्या कपड्यांत. आणि वहिनी, मोबाइल उंच धरून. म्हणजे या सगळ्यांना माहीत होतं. कुणीतरी रजा काढली होती, साडी कपाटातून निघाली होती, कुठे उभं राहायचं ते ठरलं होतं. माझ्या लग्नाचं माझ्याखेरीज सगळ्यांना कळलेलं होतं. ते गोड तिथल्या तिथे आंबलं आणि अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी उठून दाराला कडी घातली.

कडी घातलेली लोकांनी बघितली असणार, कारण कुणीतरी ओरडलं, "लाजली, लाजली!" हा शब्द मला लहानपणापासून माहीत आहे. पाहुण्यांसमोर कविता म्हणायला उभी केली आणि मी तोंड उघडलं नाही की आई म्हणायची, लाजते हो ती. मी लाजत नव्हते, मला म्हणायची नव्हती. पण 'म्हणायची नाही' असा पर्याय आमच्या घरात ठेवलेलाच नव्हता. तसंच दुसरं वाक्य, 'हिला चालतं'. दादाला खिडकीजवळची खाट हवी, हिला कुठेही चालतं. दादाच्या अभ्यासासाठी आतली खोली हवी, ही काय, स्वयंपाकघरातही झोपेल, हिला चालतं. आणि मला खरंच चालायचं की नाही हे मलाही धड कळेनासं झालं होतं, कारण विचारलं कुणीच नाही, ज्यानं त्यानं परस्पर सांगून टाकलं. बाबांना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांची वाचा गेली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, कुणीतरी सतत जवळ हवं. दादा म्हणाला, ही आहे ना. बघा, पुन्हा 'ना'. मी माझी शिकवणीतली नोकरी सोडली, बाबांजवळ बसले. त्यांचे ओठ हलायचे, घशातून नुसती घरघर यायची आणि मी त्यांच्या वतीनं बोलायचे: बाबा म्हणतायत पाणी, बाबा म्हणतायत खिडकी लावा. बहुतेक वेळा मी बरोबर सांगायचे. एकदा मी पाहुण्यांना सांगितलं, बाबा म्हणतायत बसा, जेवूनच जा, आणि बाबांनी धडधाकट हातानं उशी भिरकावली. त्यांना म्हणायचं होतं, चालते व्हा. सगळे घाबरले. मला इतकं हसू आलं की तोंडात पदर कोंबावा लागला. उशी फेकण्याइतकी ताकद अंगात असताना माणूस आपलं 'नाही' सोडत नाही, हे मी त्या दिवशी बघितलं. बाबा गेल्यावर सगळ्यात जास्त आठवते ती ती उशीच.

कानात खरखर झाली. आता खरेखुरे काका होते. "पोरी, रागावलीस की काय?"

"काका, तुम्ही त्याला फोन दिलात?"

"अगं, चांगल्या कामाला दिला. तुझा भाऊ स्वतः आला होता विनंती करायला. म्हटलं मुलगी एकटी राहते, मार्गी लागेल."

"मी काय वाट चुकलेली गाडी आहे का, मार्गी लागायला?"

 काका घाईघाईनं म्हणाले, "बरं ते असू दे, सहावरची गाडी लावून दे आधी." आणि त्यांनी सांगितली तशी मी ती लावून दिली, फलाट सहा, मधल्या सगळ्या थांब्यांसह, आवाजात एक सुरकुती नाही. बाहेर लोक हसले. त्यांना वाटलं असेल, काय गंमतशीर बाई आहे, आत्ताच लग्न ठरलं आणि गाड्या सोडतेय. मला या आवाजाचा अभिमान आहे, खोटं कशाला बोलू. प्रवाशांना वाटतं टेप आहे. कधी कधी एखादी म्हातारी चौकशीच्या खिडकीशी येते, मी बोलले की दचकते, म्हणते, अगोबाई, तू खरी आहेस होय. ही नोकरी लागली तेव्हा दादा म्हणाला होता, दुसऱ्याचं सांगितलेलं बोलायचं, एवढंच ना काम, हिला छान जमेल. जमलं. पण त्या पगारावर मी एक खोली घेतली, तिसऱ्या मजल्यावर, भाड्याची, एक खिडकी, एक बेसिन, भिंतीला ओल. खिडकीजवळ खाट टाकली. पहिल्या रात्री मी त्या खाटेवर आडवी पडले आणि मोठ्यानं म्हटलं, मला नाही चालत. कशाला ते ठाऊक नव्हतं, नुसतं म्हणून बघितलं. भिंतीपलीकडे कुणीतरी खोकलं. इतकं बरं मला आयुष्यात वाटलं नव्हतं.

नकल्या मला भेटला तो लिफ्टमध्ये, म्हणजे मी लिफ्टमध्ये आणि तो वर, दोन मजल्यांच्या मध्ये. मी अडकले होते. वरून आवाज आला, माझाच, अगदी माझा: प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, लिफ्ट उशिरानं धावत आहे. मला आधी वाटलं, घाबरून वेड लागलं. तो रोज स्थानकावरून जायचा, आवाज ओळखून होता. बाहेर काढल्यावर मी त्याला चार शब्द सुनावले, ते सगळे त्यानं माझ्याच आवाजात परत म्हणून दाखवले आणि मी हसले. तेव्हापासून हसतेच आहे. तो घरमालकीण होतो, काका होतो, भाजीवाला होतो, दादा तर असा होतो की मला मागे वळून बघावं लागतं. माझ्यावर प्रेम आहे हे त्यानं सांगितलं तेही कंडक्टरच्या आवाजात, पुढे सरका, पुढे सरका, आत जागा आहे. मला तो खेळ आवडायचा. त्याचा स्वतःचा आवाज मी फार क्वचित ऐकला आहे. तो झोपेत बोलतो तेव्हा, आणि पाना हातावर पडून बोट चेचलं होतं तेव्हा. तो जरा चिरका आहे, घाबरट आहे, आणि मला बाकी सगळ्या आवाजांपेक्षा तोच आवडतो. हे त्याला सांगितलं तर तो लगेच दुसरा कुणीतरी होतो. सुटीच्या आदल्या संध्याकाळी तो येतो, आम्ही काहीबाही रांधतो, तो भांडी घासतो, सकाळी उशिरापर्यंत लोळतो. मग तो जातो. जिन्यावरची त्याची धडधड खाली खाली जाते, फाटक वाजतं, आणि खोली हळूहळू पुन्हा माझी होते. उशीवरचा खड्डा, बेसिनवरचा त्याचा दाढीचा साबण, सगळं तिथेच असतं आणि तरी खोली माझी असते. मला तो येतो ते आवडतं आणि जातो तेही आवडतं. हे बोलायला इतकं सोपं आहे, पण ऐकणाऱ्याला दुसरं अर्धंच ऐकू येतं, म्हणून मी कुणाला सांगितलं नव्हतं.

त्याला मात्र सांगितलं होतं. भांडी घासता घासता. मी म्हटलं, हे बघ, मला लग्न करायचं नाही. तुझ्याशी नाही असं नाही, कुणाशीच नाही. तू असा हवास, जसा आहेस. त्यानं फेसाळलेले हात झटकले, दादासारखी मान तिरकी केली आणि दादाच्या आवाजात म्हणाला, असं म्हणते हो ती, हिला चालेल. इतकं बेमालूम की मला हसू फुटलं. आता त्या हसण्याचा अर्थ त्यानं काय लावला ते बाहेर फुलं घेऊन उभं होतं. पण मी हसले ते नकलेला. बोलणं माझं जागच्या जागी होतं, मी ते मागे घेतलं नव्हतं. चांगली नक्कल केली म्हणून एखादीचं म्हणणं खोडलं जात नाही. माझा संताप होता तो यावर. मी नाही म्हटलेलं या माणसाला आधी ठाऊक होतं. तरी त्यानं माझं उत्तर माझ्याच तोंडून काढायची सोय केली, आणि वर माझ्या घरच्यांना बघायला बोलावलं.

काचेवर टकटक झाली. दादा. "अगं उघड ना दार! सगळे थांबलेत. किती लाजशील?"  त्याच्या मागे नकल्याची आई हसत होती, साधं, मनापासून. त्या बाईंचं मला वाईट वाटलं. त्यांनी माझं काही वाकडं केलेलं नाही, मला लोणी लावलेला पाव आवडतो हे लक्षात ठेवलेलं आहे. त्यांच्याकडे बघून मला क्षणभर वाटलं, काय हरकत आहे? खोली मोठी घेऊ. त्या क्षणी माझी मान हललीसुद्धा असती. तेवढ्यात वहिनी मोबाइलमध्ये बोलताना ऐकू आलं, "हो हो, तिनं स्वतःच जाहीर केलं, तिचं काय, ती तयारच होती," आणि माझी मान ताठ झाली. मी कडी काढली, फक्त नकल्याला आत घेतलं, दादाच्या तोंडावर दार लावलं.

खोलीत एक खुर्ची आहे. ती माझी. तो गुच्छ धरून भिंतीला टेकून उभा राहिला. "काय बाई," तो काकांच्या आवाजात म्हणाला, "एकदम घोषणाच? आम्ही तर विचारत होतो."

"ते आवाज बंद कर."

"कुठले आवाज?" हे घरमालकिणीच्या आवाजात.

"सगळे. तुझ्या आवाजात बोल, नाहीतर जा."

तो हसायला गेला आणि थांबला.   मग आला तो चिरका, घाबरट आवाज, बोट चेचलेल्या दिवसाचा. "मला वाटलं तुला मजा वाटेल."

"मजा वाटायला मला विचारायला हवं होतंस."

"विचारलं की. कानात."

"माझ्या कानात आणि सगळ्या गावाच्या कानात, एकाच वेळी. विचारणं असं असतं?"

त्यानं गुच्छ खुर्चीच्या पाठीवर ठेवायचा प्रयत्न केला, तो घसरला, त्यानं पुन्हा उचलला. "बरं," तो म्हणाला. "आता विचारतो. माझ्याशी लग्न करशील का?"

का. त्यानं ते अक्षर मुद्दाम निवडलं नव्हतं, आवाज त्याचा होता म्हणून ते आपोआप आलं. मला इतकं भरून आलं की उठून त्याला मिठी मारावी. त्या 'का'मध्ये मला उभं राहायला जागा होती, चांगली ऐसपैस. मी तिथे उभी राहिले आणि म्हटलं, "नाही."

"आत्ता नाही?"

"आत्ता नाही आणि मग नाही. लग्न नाही. तू हवास, सुटीच्या आदल्या संध्याकाळी, भांडी घासायला, लोळायला, मी आजारी पडले तर डोक्याशी, तू पडलास तर मी तुझ्या. म्हातारे होईपर्यंत हवास. आणि सकाळी तुझ्या घरी जायला हवास. हे मी तुला आधी सांगितलंय."

"मला वाटलं तू गंमत करतेस."

"गंमत तू करतोस. मी बोलते."

तो खाली बघत होता. नखांतलं ग्रीस दुसऱ्या नखानं काढत होता, ते कधीच निघत नाही. मला भीती वाटत होती, चांगलीच वाटत होती. हा आता फुलं ठेवेल आणि जाईल, जिना उतरेल, आणि मग खोली इतकी माझी होईल की मला तिच्यात श्वास घेववणार नाही. मी ते सगळं बघितलं, एकेक करून, आणि तरी शब्द मागे घेतला नाही. बाहेर पुन्हा टाळ्या सुरू झाल्या, तालात, नवरा-नवरी बाहेर या म्हणून.

"मग आपलं काय?" तो म्हणाला.

"आपलं आहे ते आहे. तुला पुरत नसेल तर तसं सांग. मी ऐकेन. रडेन, पण ऐकेन."

त्यानं मान वर केली. डोळे लाल. "मला पुरतं की नाही ते मला बघावं लागेल," तो म्हणाला. इतकं सरळ वाक्य मी त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मग त्यानं काचेकडे बघितलं, आईकडे, दादाकडे, त्या सगळ्या वळलेल्या चेहऱ्यांकडे, आणि तो पार गळाला. "पण यांना काय सांगू? आईला? तू स्वतः सांगितलंस त्यांना. सगळ्यांनी ऐकलं. आता मी बाहेर जाऊन काय सांगू?"

"तू नको सांगूस," मी म्हटलं. "मी सांगते."

मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. त्यातून काका बारीक आवाजात काहीतरी म्हणत होते. खुर्ची पुढे ओढली, बटण दाबलं आणि दाबून धरलं. माझा आवाज वर पत्र्यापर्यंत जाऊन परत आलेला मला ऐकू आला, रोजचाच, स्वच्छ, फक्त त्याच्या पुढे कुणी बोलत नव्हतं.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. थोड्या वेळापूर्वी देण्यात आलेल्या सूचनेत दुरुस्ती करण्यात येत आहे. निवेदन कक्षातल्या बाईंना आत्ता विचारण्यात आले असून, बाई लग्न करणार नाहीत."

टाळ्या थांबल्या. दादानं हात पुढे केला होता तो तसाच राहिला. अशा सूचनेच्या शेवटी प्रवाशांना झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगिरी व्यक्त करायची असते. ती मी केली नाही.